गुरू नानकांचा धर्मवारसा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भातील एक आकलन

प्रस्तावना

मध्ययुगीन भारतातील भक्तिपरंपरेचा विचार करताना महाराष्ट्रातील वारकरी संप्रदाय आणि पंजाबमधील शीख धर्म यांचा उल्लेख बहुधा स्वतंत्र प्रकरणांतून केला जातो. पहिला विषय मराठी विभागाकडे आणि दुसरा इतिहास विभागाकडे, अशी विभागणीही महाविद्यालयीन अध्यापनात रूढ झालेली आहे. परिणामी या दोन परंपरांना जोडणारे धागे दुर्लक्षित राहतात. संत नामदेवांची पदे शीख धर्मीयांच्या पवित्र ग्रंथात आहेत, एवढी माहिती विद्यार्थ्यांना दिली जाते. परंतु ती तेथे का आहेत, त्या ग्रंथाची दृष्टी कोणती आणि त्या दृष्टीचे मूळ गुरू नानकांच्या विचारात कसे सापडते, या प्रश्नांपर्यंत अध्यापन क्वचितच पोहोचते.

गुरू नानक हे शीख धर्माचे संस्थापक होत. त्यांचे जीवन, त्यांचा विचार आणि त्यांच्या विचाराने घेतलेले संस्थारूप यांचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे. या वारशाचा सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांशी कोणकोणत्या मार्गांनी संबंध येतो, हे तपासणे हा दुसरा हेतू होय. हे दोन्ही जिल्हे शीख धर्माच्या इतिहासातील प्रमुख केंद्रे नव्हेत. मात्र संत नामदेवांच्या मूळ गावासंबंधीचा वाद, समर्थ रामदासांच्या भेटीची परंपरा, कर्मवीर भाऊराव पाटील यांची वसतिगृहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण या चार निमित्तांनी नानकांच्या विचाराशी ताडून पाहता येईल अशी सामग्री येथे उपलब्ध आहे.

गुरू नानकांचे जीवन

गुरू नानकांचा जन्म इ. स. १४६९ मध्ये राय भोई की तलवंडी या गावी झाला. हे गाव आज ननकाना साहिब या नावाने ओळखले जाते आणि ते पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील मेहता काळू हे बेदी कुळातील खत्री असून गावचे हिशेबनीस होते. आईचे नाव तृप्ता. थोरली बहीण नानकी हिच्या आश्रयाने ते सुलतानपूर लोधी येथे गेले आणि तेथील अधिकारी दौलतखान लोदी याच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, नोकरीस लागले. सुलक्खणी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व श्रीचंद आणि लखमीदास असे दोन पुत्र त्यांना झाले. संसार, हिशेब आणि नोकरी यांचा अनुभव घेतलेला हा माणूस होता, ही बाब त्यांच्या विचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इ. स. १४९९ च्या सुमारास बेईं नदीवर स्नानास गेले असता त्यांना साक्षात्कार झाला, असे जनमसाख्या सांगतात. त्यानंतर माणसाची ओळख हिंदू किंवा मुसलमान अशी नसून ईश्वराचे लेकरू हीच आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले, अशी परंपरा आहे. पुढे त्यांनी दीर्घ प्रवास केले. शीख परंपरेत या प्रवासांना उदासी म्हणतात. चारही दिशांना झालेल्या या यात्रांत मर्दाना हा रबाब वाजविणारा मुसलमान सोबती त्यांच्याबरोबर होता. जनमसाख्या या श्रद्धेने लिहिलेल्या चरित्रकथा असल्याने त्यांतील प्रत्येक स्थळ इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांनी इ. स. १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कथांची कठोर चिकित्सा केली आणि तीवरून बराच वाद झाला. नानकांच्या स्वतःच्या रचना मात्र अधिक विश्वसनीय साधन ठरतात. बाबराच्या स्वारीत सैदपूर येथे झालेला संहार त्यांनी आपल्या रचनांत वर्णिला आहे. तत्कालीन राज्यकर्त्यांच्या निष्क्रियतेवर आणि आक्रमकांच्या क्रौर्यावर त्यांनी सारख्याच निर्भयतेने टीका केली.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रावी नदीच्या काठी कर्तारपूर येथे त्यांनी वस्ती केली. तेथे ते स्वतः शेती करीत. सकाळ-संध्याकाळ सामुदायिक कीर्तन होई आणि सर्वजण एकत्र भोजन करीत. इ. स. १५३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी आपल्या पुत्रांना बाजूस ठेवून लहणा या शिष्याची उत्तराधिकारी म्हणून निवड केली व त्यास अंगद हे नाव दिले. या एका निर्णयामुळे नानकांची शिकवण व्यक्तीबरोबर संपली नाही. वारसा रक्ताने नव्हे, योग्यतेने चालतो, हे तत्त्वही त्यातून प्रस्थापित झाले.

नानकांच्या विचाराचे स्वरूप

गुरू नानकांच्या विचाराचा प्रारंभ 'इक ओंकार' या संकल्पनेपासून होतो. ईश्वर एक आहे. तो निराकार, निर्भय, निर्वैर आणि जन्ममरणाच्या पलीकडील असून गुरुकृपेने त्याचा लाभ होतो, असे ही संकल्पना सांगते. यातील 'निर्वैर' हे विशेषण विशेष लक्षणीय आहे. ज्याला कोणाशीही वैर नाही अशा ईश्वराचा उपासक जातीच्या किंवा धर्माच्या आधारे वैर बाळगू शकत नाही. म्हणजेच नानकांची सामाजिक समता ही त्यांच्या ईश्वरकल्पनेतून निघालेली आहे. ती बाहेरून जोडलेली नाही.

त्यांच्या आचारधर्माचा सारांश परंपरेने तीन सूत्रांत मांडला आहे. नाम जपो, म्हणजे ईश्वराचे स्मरण करा. किरत करो, म्हणजे कष्ट करून प्रामाणिकपणे मिळवा. वंड छको, म्हणजे मिळालेले वाटून खा. पहिले सूत्र भारतातील सर्वच भक्तिसंप्रदायांत आढळते. नानकांचे वेगळेपण दुसऱ्या व तिसऱ्या सूत्रांत आहे. संन्यासी व जोगी यांच्याशी त्यांनी केलेला वाद 'सिद्ध गोष्ट' या रचनेत आलेला आहे. संसाराचा त्याग करून दुसऱ्याच्या दारी भिक्षा मागणाऱ्या साधूपेक्षा घाम गाळून दुसऱ्याला घास देणारा गृहस्थ त्यांना श्रेष्ठ वाटतो.

स्त्रीविषयक भूमिकाही येथे नमूद करावयास हवी. राजे आणि महापुरुष जिच्या उदरी जन्म घेतात, तिला हीन कसे म्हणावे, असा प्रश्न त्यांनी 'आसा दी वार' या रचनेत उपस्थित केला आहे. सोयर, सुतक आणि शिवाशिव यांसंबंधीच्या कल्पनांवरही त्यांनी प्रहार केला. खरे अपवित्रपण लोभ, असत्य आणि परनिंदा यांत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विचाराकडून संस्थेकडे

थोर विचार अनेक संतांनी मांडले. परंतु प्रत्येक विचाराची संस्था झाली नाही. नानकांच्या परंपरेत ही प्रक्रिया सुमारे दोनशे वर्षे चालली. दुसरे गुरू अंगद यांनी गुरुमुखी लिपीचा प्रसार केला. तिसरे गुरू अमरदास यांनी लंगर अनिवार्य केला. गुरूंचे दर्शन घेण्यापूर्वी सर्वांच्या पंगतीत बसून जेवणे आवश्यक ठरले. चौथे गुरू रामदास यांनी अमृतसरची स्थापना केली. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी इ. स. १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. भाई गुरदास यांनी त्याचे लेखन केले. सहावे गुरू हरगोविंद यांनी आध्यात्मिक व लौकिक सत्तेची प्रतीके म्हणून दोन तलवारी धारण केल्या. नववे गुरू तेगबहादूर यांना इ. स. १६७५ मध्ये दिल्लीत हौतात्म्य आले. दहावे गुरू गोविंदसिंह यांनी इ. स. १६९९ मध्ये आनंदपूर येथे खालसा पंथ स्थापन केला.

खालशाच्या स्थापनेच्या वेळी पुढे आलेले 'पंज प्यारे' या दृष्टीने बोलके आहेत. लाहोरचे दयासिंह, हस्तिनापूरचे धर्मसिंह, जगन्नाथपुरीचे हिम्मतसिंह, द्वारकेचे मोहकमसिंह आणि बिदरचे साहिबसिंह असे हे पाच जण निरनिराळ्या प्रदेशांतील व जातींतील होते. मोहकमसिंह हे छिंबा, म्हणजे कापड छापणाऱ्या व शिवणाऱ्या समाजातील, तर साहिबसिंह हे न्हावी समाजातील होते, असे परंपरा सांगते. महाराष्ट्रात शिंपी समाजातील नामदेव आणि न्हावी समाजातील सेना यांना संतपद मिळाले होते. त्याच व्यवसायांतील माणसे पंजाबात एका नव्या पंथाच्या अग्रभागी उभी राहिली, ही बाब तुलनात्मक अभ्यासास उपयुक्त आहे.

संस्थात्मक प्रक्रियेचा शेवटचा टप्पा महाराष्ट्राच्या भूमीवर पूर्ण झाला. गुरू गोविंदसिंह इ. स. १७०८ मध्ये नांदेड येथे आले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात देह ठेवण्यापूर्वी त्यांनी यापुढे ग्रंथ हाच गुरू राहील, असे घोषित केले. व्यक्तिरूप गुरूंची परंपरा संपून शब्दरूप गुरूंची परंपरा गोदावरीकाठी सुरू झाली. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब या वास्तूची उभारणी महाराजा रणजितसिंह यांच्या साहाय्याने इ. स. १८३२ ते १८३७ या काळात झाली. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी हे एक होय. इ. स. २००८ मध्ये गुरुता-गद्दीची त्रिशताब्दी येथे साजरी झाली.

गुरुग्रंथसाहिब आणि संत नामदेव

गुरुग्रंथसाहिबाची १४३० पृष्ठे असून त्यातील मुख्य भाग ३१ रागांत विभागलेला आहे. गुरू नानकांच्या ९७४ रचना त्यात आहेत. सहा गुरूंबरोबरच १५ भक्तांच्या रचनांना त्यात स्थान मिळाले. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्याबरोबर नामदेवांची ६१ पदे तेथे आढळतात. त्रिलोचन यांची चार, तर सेना आणि परमानंद यांचे प्रत्येकी एक पद आहे. त्रिलोचन व परमानंद यांचा संबंध बार्शी परिसराशी जोडला जातो. सेना यांना मराठी परंपरा बिदर दरबारशी, तर उत्तरेकडील परंपरा बांधवगडशी जोडते. या परंपरा ग्राह्य मानल्यास मराठी मुलखाशी निगडित असे एकाहून अधिक संत या ग्रंथात आहेत, असे म्हणता येते.

नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० हा मानला जातो. नानकांचा जन्म नामदेवांच्या समाधीनंतर सुमारे १२० वर्षांनी झाला. त्यामुळे त्यांची प्रत्यक्ष भेट संभवत नाही. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेत गेले आणि पंजाबमधील गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, अशी परंपरा आहे. त्यांची पदे गायकांच्या मुखातून पंजाबात टिकून राहिली. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळातील गोइंदवालच्या पोथ्यांत भक्तांच्या रचना संकलित झाल्या होत्या. म्हणजे आदिग्रंथ सिद्ध होण्यापूर्वीच नामदेवांचा शब्द या परंपरेचा भाग बनला होता.

या पदांची भाषा उत्तरेकडील संतभाषा असली तरी तीत मराठी रूपांच्या खुणा आहेत. पंढरीचा विठ्ठल या पदांत 'बीठल' या नावाने येतो. मात्र येथील विठ्ठल विटेवर उभा राहिलेला, कटीवर कर ठेवलेला देव नसून सर्व चराचरांत भरलेला निराकार आहे. देवळातून हाकलून दिल्यावर भक्त मागे जाऊन बसला आणि देऊळच त्याच्याकडे वळले, हा प्रसंगही ग्रंथातील एका पदात आलेला आहे. परंपरा तो औंढा नागनाथ येथील मानते. सगुण विठ्ठलापासून निर्गुण बीठलापर्यंतचा हा प्रवास नामदेवांच्या स्वतःच्या साधनेचा की संकलकांच्या निवडीचा, हा प्रश्न अभ्यासकांत चर्चिला जातो. दोन्ही कारणे एकत्र कार्यरत असणे अधिक संभवनीय वाटते. नामदेवांच्या मराठी अभंगांतही सर्वात्मक ईश्वराची जाणीव आहे. संकलकांनी आपल्या सिद्धान्ताशी जुळणारी पदे स्वीकारली, असे मानण्यास जागा आहे.

नरसी-बामणीचा प्रश्न आणि कृष्णाकाठ

नामदेवांच्या घराण्याचे मूळ गाव नरसी-बामणी होते, असे परंपरा सांगते. आज हे गाव म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील नरसी होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि ते 'नरसी नामदेव' या नावाने प्रसिद्ध आहे. नामदेवांचा प्रत्यक्ष जन्म पंढरपुरास झाला, असेही एक मत आहे. परंतु शीख धर्मावरील इंग्रजी ग्रंथ चाळणाऱ्या वाचकास निराळाच उल्लेख आढळतो. मॅक्स आर्थर मेकॉलिफ यांनी इ. स. १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीख धर्मविषयक सहा खंडांच्या ग्रंथात नरसी-बामणी हे गाव कऱ्हाडजवळ, सातारा जिल्ह्यात असल्याचे सांगितले आहे. तोच उल्लेख पुढील अनेक पुस्तकांत उतरला.

या मताचा उगम स्थलनामांच्या साम्यात असावा. कऱ्हाडच्या खाली कृष्णेच्या काठी बहे आणि नरसिंगपूर ही गावे आहेत. नरसिंगपूर येथील नृसिंहाचे देवस्थान प्राचीन व प्रसिद्ध आहे. 'नरसी' व 'नरसिंगपूर' तसेच 'बामणी' व 'बहे' या नावांतील ध्वनिसाम्यावरून काही अभ्यासकांनी ही गावे नामदेवांची मानली. येथे प्रशासकीय इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. वाळवा तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात होता. इ. स. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि इ. स. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील 'सातारा जिल्ह्यातील' गावाचा शोध आज सांगली जिल्ह्यात घ्यावा लागतो. हा बदल ध्यानात न घेता लिहिलेल्या लेखनात गोंधळ निर्माण होतो.

केवळ ध्वनिसाम्यावर आधारलेले हे मत आज टिकत नाही, हे मान्य करावे लागेल. तरीही हा वाद निरर्थक नाही. पंजाबमधील श्रद्धाळू आणि तेथील अभ्यासक यांच्या मनात नामदेवांची जन्मभूमी म्हणून दीर्घकाळ साताऱ्याचे नाव राहिले. एखादी माहिती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेल्यावर तिची फेरतपासणी न झाल्यास ती किती काळ टिकून राहते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. संशोधनपद्धतीच्या तासिकेस ते उपयोगी पडू शकते.

समर्थ रामदास आणि गुरू हरगोविंद यांच्या भेटीची परंपरा

सातारा जिल्ह्यातील चाफळ आणि सज्जनगड ही समर्थ संप्रदायाची प्रमुख स्थाने होत. समर्थ रामदासांनी तरुणपणी उत्तरेत तीर्थाटन केले. या काळात गढवालमधील श्रीनगर येथे त्यांची व सहावे गुरू हरगोविंद यांची भेट झाली, अशी कथा एका जुन्या पंजाबी साखीसंग्रहात आहे. नानकांचे उत्तराधिकारी घोड्यावर बसतात आणि शस्त्र धारण करतात, हे कसे, असा प्रश्न समर्थांनी केला. अंतरी साधुत्व व बाहेर राजेपण, शस्त्र हे दुर्बलांच्या रक्षणासाठी, अशा आशयाचे उत्तर गुरूंनी दिले, असे ही कथा सांगते. हनुमंतस्वामींनी इ. स. १७९३ मध्ये लिहिलेल्या समर्थांच्या बखरीचाही या भेटीच्या पुष्ट्यर्थ दाखला दिला जातो.

बखर आणि साखी ही दोन्ही साधने घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेली आहेत. म्हणून या भेटीस निर्विवाद इतिहासाचे स्थान देता येणार नाही. तथापि या कथेचे खरे मूल्य तिच्यातील प्रश्नात आहे. नानकांचे निर्वैरत्व आणि हरगोविंदांचे शस्त्रधारण यांचा मेळ कसा घालावयाचा, हा शीख धर्माच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. भक्ती आणि शक्ती यांचा संबंध हा महाराष्ट्रातही सतराव्या शतकातील कळीचा विषय होता. एकाच काळातील दोन प्रदेशांना एकच प्रश्न पडला आणि लोकपरंपरेने त्या दोन प्रदेशांच्या प्रतिनिधींमध्ये संवाद घडवून आणला, असा या कथेचा अर्थ लावता येतो.

पंगतीचा प्रश्न : वारी, वसतिगृह आणि लंगर

'पंगत' हा शब्द मराठीत आणि पंजाबीत समान आहे; परंतु त्याचा सामाजिक इतिहास समान नाही. पंजाबात पंगत ही समतेची खूण ठरली. महाराष्ट्रात मात्र कोणी कोणाच्या पंगतीस बसावे, याचे नियम जातीने ठरविले. ज्ञानदेवांची पालखी दरवर्षी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने ती पुढे जाते आणि चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांची सांगता काल्याने व महाप्रसादाने होते. नामस्मरण, कीर्तन आणि सहभोजन या तिन्ही गोष्टी वारकरी परंपरेत आहेत. असे असूनही चोखामेळ्यांना मंदिराच्या बाहेर राहावे लागले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांसाठी खुले होण्याकरिता साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. भक्तीतील समता व्यवहारात उतरण्यासाठी केवळ भावना पुरेशी होत नाही, तिला नियमाचे आणि संस्थेचे बळ लागते, हे यातून स्पष्ट होते.

सातारा-सांगली परिसरात असे संस्थात्मक बळ विसाव्या शतकात निर्माण झाले. सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे इ. स. १९१० च्या सुमारास सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी जो शैक्षणिक प्रयोग झाला, त्यात भाऊराव पाटील सहभागी होते. इ. स. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. इ. स. १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. इ. स. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. पुढे छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' ही योजना रुजली.

भाऊराव पाटील यांची प्रेरणा सत्यशोधक विचारातून आणि छत्रपती शाहू महाराजांच्या कार्यातून आलेली होती. ती शीख धर्मातून आली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तथापि, दोन्ही ठिकाणी उत्तराचे स्वरूप सारखे आहे. समता हा उपदेशाचा विषय न राहता रोजच्या जेवणाचा आणि श्रमाचा विषय झाला पाहिजे, हा तो समान निष्कर्ष होय. किरत करो आणि वंड छको या सूत्रांचा अर्थ या परिसरातील विद्यार्थ्याला समजावून सांगताना वसतिगृहाच्या चुलीचे उदाहरण अन्य कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

डॉ. आंबेडकर, सातारा आणि शीख धर्माचा पर्याय

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्यातील शासकीय हायस्कुलात दाखल झाले. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. इ. स. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेल्या या मुलास आणि त्याच्या भावंडांना मसूर स्थानकावर उतरल्यावर गाडी मिळेना. जात कळल्यावर गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी ठरली, परंतु वाटेत पिण्यास पाणी मिळाले नाही. बरोबर अन्न होते, पण पाण्यावाचून ते खाता आले नाही. हा अनुभव आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

इ. स. १९३५ मध्ये येवला येथे धर्मांतराची घोषणा केल्यानंतर त्यांनी ज्या धर्मांचा गंभीरपणे विचार केला, त्यांत शीख धर्म होता. एप्रिल १९३६ मध्ये अमृतसर येथील शीख मिशनरी परिषदेस ते उपस्थित राहिले. त्यांनी आपले काही अनुयायी शीख धर्माच्या अभ्यासासाठी अमृतसरला पाठविले. इ. स. १९३७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या खालसा महाविद्यालयाशीही या घडामोडींचा निकट संबंध आहे. पुढे हा पर्याय मागे पडला आणि इ. स. १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ज्याला मसूरच्या वाटेवर पाणी नाकारले गेले, त्याने सर्वांना एका पंगतीत बसविणाऱ्या परंपरेकडे आशेने पाहावे, हे स्वाभाविक होते.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. गुरूंनी जात नाकारली. शीख समाजातून ती पूर्णपणे गेली नाही. मजहबी आणि रामदासिया या समूहांना दीर्घकाळ वेगळी वागणूक मिळाली. ऑक्टोबर १९२० मध्ये अमृत घेतलेल्या दलित शिखांनी हरिमंदिरात आणलेला कडाहप्रसाद स्वीकारण्यास तेथील पुजाऱ्यांनी प्रथम नकार दिला होता. या प्रसंगाने गुरुद्वारा सुधारणा चळवळीस गती मिळाली आणि इ. स. १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा झाला. या कायद्याने स्त्रियांनाही मतदानाचा हक्क दिला. १९२० चे अमृतसर आणि १९४७ चे पंढरपूर यांची तुलना केल्यास एक गोष्ट दिसते. दोन्ही परंपरांत विचार आणि व्यवहार यांत अंतर पडले होते आणि दोन्ही ठिकाणी मूळ विचाराचाच आधार घेऊन ते अंतर कमी करण्याचा प्रयत्न झाला.

वर्तमान संदर्भ

फाळणीनंतर महाराष्ट्रात आलेल्या सिंधी समाजातील अनेक कुटुंबे नानकपंथी आहेत. खालशाची दीक्षा न घेताही ती गुरू नानकांना मानतात आणि त्यांच्या दरबारांत गुरुग्रंथसाहिबाचे पठन होते. सांगलीलगतच्या कोल्हापूर जिल्ह्यातील गांधीनगर ही निर्वासित सिंधी समाजाची मोठी वसाहत असून सांगली, सातारा, कऱ्हाड येथील बाजारपेठांतही सिंधी व्यापारी कुटुंबे आहेत. नानकांचा वारसा केवळ पगडी आणि कृपाण यांपुरता मर्यादित नाही, हे समजण्यास हा समाज साहाय्यभूत ठरतो.

इ. स. २०१५ मध्ये घुमान येथे डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी साहित्यविश्वाने नामदेवांच्या पंजाबातील कार्याची घेतलेली ही मोठी दखल होती. इ. स. २०१९ मध्ये गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीनिमित्त भारतीय यात्रेकरूंसाठी कर्तारपूर मार्गिका खुली करण्यात आली. मात्र उत्सव आणि संमेलने यांतून निर्माण झालेली जिज्ञासा अभ्यासक्रमात उतरली नाही, तर ती टिकत नाही. शासनाने इ. स. १९७० मध्ये प्रकाशित केलेल्या श्रीनामदेव गाथेत हिंदी पदेही समाविष्ट आहेत. तरीही मराठीच्या वर्गात नामदेवांचे अभंग आणि हिंदीच्या वर्गात कबीर, अशी वाटणी कायम असल्याने नामदेवांची हिंदी पदे दोन्हीकडून निसटतात.

निष्कर्ष

१. गुरू नानकांची सामाजिक समता ही त्यांच्या निर्वैर ईश्वराच्या कल्पनेतून निष्पन्न झालेली आहे. तिला लंगर, संगत, ग्रंथ आणि गुरुपरंपरा या संस्थांचे बळ मिळाल्याने ती टिकली.

२. संत नामदेव आणि गुरू नानक यांची भेट झालेली नसली तरी गुरुग्रंथसाहिबातील ६१ पदांमुळे मराठी संतविचार शीख धर्माच्या पायाशी निगडित झाला आहे.

३. नरसी-बामणी कऱ्हाडजवळ असल्याचे मत आज स्वीकारार्ह नाही. परंतु ते कसे निर्माण झाले व कसे पसरले, याचा अभ्यास सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांना स्थानिक पातळीवर करता येण्यासारखा आहे.

४. समर्थ रामदास आणि गुरू हरगोविंद यांच्या भेटीची कथा परंपरा म्हणून स्वीकारावी. इतिहास म्हणून शिकवू नये.

५. रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे आणि लंगर यांच्यात ऐतिहासिक संबंध नाही, वैचारिक साम्य आहे. हा भेद राखूनच तुलना करणे योग्य ठरेल.

६. मराठी, हिंदी व इतिहास या तीन विभागांनी नामदेवांच्या हिंदी पदांचे एकत्रित अध्यापन केल्यास विद्यार्थ्यांसमोर भक्तिपरंपरेचे अधिक यथार्थ चित्र उभे राहील.

गुरू नानकांनी कर्तारपूरला शेत कसले आणि त्या शेताचे धान्य सर्वांच्या ताटात पडले. त्यांच्या धर्मवारशाचे मूल्यमापन ग्रंथपूजेच्या भव्यतेवरून न करता त्या ताटाभोवती कोण बसू शकले आणि कोण बसू शकले नाही, यावरून करणे अधिक न्याय्य ठरेल. हीच कसोटी महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेलाही लावावी लागेल आणि ती लावण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापकांच्या वर्गातून सुरू होऊ शकते.